भेगेत गेलेला चेंडू

धरमपेठेत खोली पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला ना पगार विचारला, ना जेवणाची सोय विचारली. विचारलं ते एवढंच, "स्कूटर आहे का जी तुमच्याजवळ? अन् डोळे कसे आहेत?" मी म्हटलं, स्कूटर आहे, डोळेही चांगले आहेत, चष्मा नाही. "मग आणा सामान," ते म्हणाले. नागपुरात इतक्या सहज खोली मिळाली म्हणून मी त्या संध्याकाळी बर्डीच्या बाजारात जाऊन दोन मित्रांना तर्री-पोहे खाऊ घातले. बोकडालाही आधी हिरवा पाला खायला घालतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी बँकेत कारकून होतो, वर्ध्याहून बदली होऊन आलेला, सडाफटिंग. ते रेल्वेतून चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पासष्टीचे, उंच, गुडघ्यापर्यंत खाकी अर्धी पँट घालणारे. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो.

पहिल्याच आठवड्यात कळलं की या माणसाला प्रत्येक गोष्टीला साक्षीदार लागतो. नळ बंद केला की खालून हाक यायची, "या जी, पाहून घ्या, नळ बंद आहे." पत्र टाकायचं तर मला कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत नेणार, पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून "पाहिलं ना?" म्हणणार, आणि मी हो म्हटल्यावरच हात सोडणार. एकदा मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण, तर जिना चढून वर आले. "दुधावर साय आली आहे, चला."

मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही म्हणता म्हणजे आली असेल."

"असेल नाही. आली आहे. चला."

त्यांचा चेहरा असा झाला होता की मी साबणासकट खाली गेलो आणि साय पाहिली. आली होती. काकू चुलीशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुमच्याआधीचा भाडेकरू आठ महिने टिकला होता. त्याले तर चष्माही होता."

जानेवारीतल्या एका संध्याकाळी काकाजींनी पलंगाखालून एक लांबुळकी कॅनव्हासची पिशवी ओढून काढली. आत गोल्फच्या काठ्या होत्या, लोखंडी डोक्यांना गंज चढलेला, मुठींचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं. "मी परत गोल्फ सुरू करून राहिलो," त्यांनी जाहीर केलं. काकूंच्या हातातली कणीक हातातच राहिली. त्या मला आत बोलावून म्हणाल्या, "सतरा वर्षं झाली जी, त्यांनी या पिशवीले हात लावला नव्हता. आता तुम्ही त्यांच्यासंगं जा. नाही म्हणू नका."

नाही म्हणणार कसा? स्कूटर माझी, डोळे माझे. मग महिनाभर माझ्या डोक्यावरच्या गच्चीत रोज पहाटे सराव चालू झाला. काठी हवेत फिरल्याचा सूं आवाज, मग पाय आपटल्याचा धप्प, मग स्वतःलाच दिलेली एक शिवी. काकूंनी वाळत घातलेल्या मुंगवड्या एका फटक्यात शेजारच्यांच्या अंगणात गेल्या, तेव्हा मलाच वर बोलावण्यात आलं. मुंगवड्या कुठून उडाल्या आणि कुठे पडल्या, ते मी पाहून घ्यावं म्हणून. माझी झोप गेली, पण निदान म्हातारा खेळायला लागेल, या आशेवर मी गप्प राहिलो.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी पिशवी माझ्या खांद्याला, काकाजी स्कूटरवर मागे, अशी आमची स्वारी गावाबाहेरच्या क्लबात पोहोचली. क्लब म्हणजे बाभळी, खुरटं गवत आणि काळी माती. चित्रात भोकाभोवती कशी हिरवळ दाखवतात, तिथे इथे जळकं तेल कालवलेली वाळू गोल थापलेली होती. तिला ते लोक 'ब्राऊन' म्हणत. श्रावण नावाचा एक म्हातारा माळी तिच्यावरून गोणपाट ओढून ती सारखी करत होता. काकाजींना पाहून त्यानं गोणपाट टाकलं आणि वाकून नमस्कार केला. काकाजी मात्र न थांबता सरळ शेवटच्या भोकाच्या वाटेला लागले.

तिथे मैदानाचा एक पट्टा सपाट काळ्या मातीचा होता. काकाजींनी पिशवीतून सगळ्यांत बारीक काठी काढली आणि जमिनीला पडू लागलेल्या एका भेगेत ती खुपसली.

"काकाजी, चेंडू कुठे आहे?" मी विचारलं.

"तोच तर पाहायचा आहे," ते म्हणाले.

अशा रीतीनं मला कळलं की आम्ही गोल्फ खेळायला आलेलोच नव्हतो.

बाकीचं काकूंनी सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी, असाच उन्हाळा सुरू झालेला. क्लबाच्या कपाचा शेवटचा सामना काकाजी आणि समोरच्या घरातले डॉक्टर यांच्यात होता. दोघे शाळेपासूनचे मित्र, घरंही मुद्दाम समोरासमोर बांधलेली. शेवटच्या भोकापर्यंत बरोबरी. काकाजींनी पहिला फटका मारला, चेंडू काळ्या मातीकडे गेला आणि दिसेनासा झाला. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात हात खोल भेगा पडतात, म्हणून त्या क्लबानं आपला एक नियम केला होता. चेंडू भेगेत जाताना कुणी पाहिला असेल तर दंड नाही, शेजारी दुसरा ठेवून पुढे खेळायचं. कुणी पाहिला नसेल तर तो हरवला. मग एक दंडाचा फटका धरून परत सुरुवातीच्या जागेवरून मारायचं. काकाजी म्हणाले, भेगेत गेला. डॉक्टरांनी विचारलं, तू पाहिलास का? त्या वेळी काठ्या वाहणारा श्रावण म्हणाला, मले काही दिसलं नाही जी. काकाजींनी हातातली काठी पिशवीत टाकली आणि सरळ घरी निघून आले. कप डॉक्टरांना मिळाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, आणि काकाजींना साय दाखवायलाही माणूस लागू लागला.

"पण आता काय एवढी घाई?" मी विचारलं.

"डॉक्टर इंदूरले चालले, पोराकडे. घर विकलं त्यांनी. मृगाच्या आत जाऊन राहिले," काकू म्हणाल्या. "यांचं म्हणणं, तो जायच्या आधी चेंडू त्याच्या हातात ठेवीन. नाहीतर तो मले खोटा समजूनच जाईल."

मला हे ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ते वाईट वाटणं मार्चपर्यंतच टिकलं. एप्रिल लागल्यावर रविवार पुरेना, म्हणून रोज जायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. पहाटे पाचला स्कूटर काढायची, उजाडता उजाडता भेगांमध्ये काठी घालायची, माझे डोळे चांगले म्हणून मी पालथं पडून टॉर्च मारायचा. नऊला परत, दहाला बँक. माझ्या शर्टावर पोटाच्या जागी काळे डाग असत. आमचे मॅनेजर मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "घरी विहीर खणून राहिले का तुम्ही?"

हे वेड वाढवलं ते श्रावणानं. तो खाप्याकडचा, घरी थोडी शेती असलेला. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "साहेब, काळी माती गिळते अन् मग ओकते. आमच्या वावरातले गोटे आम्ही दरसाल वेचून राहिलो, तरी दरसाल नवे वर येतात. कुठून येतात? खालून येतात. तुमचा चेंडूही येईनच." झालं! काकाजींनी त्याला मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं. मी श्रावणाला नंतर गाठून म्हटलं, "काहून सांगितलं गा तुम्ही त्यांना?" तर तो शांतपणे म्हणाला, "मले त्या दिवशी दिसलं असतं तर सांगितलंच असतं. आता हे तरी सांगतो."

मे महिन्यात आम्हाला त्या जमिनीतून काय काय मिळालं! एक घोड्याचा नाल, दोन बाटल्यांची बुचं, एक चमचा, एक जिवंत विंचू. विंचवानंतर मी म्हटलं, "काकाजी, आता पुरे. हे माझ्यानं होत नाही."

ते बाभळीखाली बसले होते, टोपीनं वारा घेत. म्हणाले, "खरं आहे तुमचं. तुम्ही उद्यापासून नका येऊ. मी सायकलनं येईन."

पासष्टीचा माणूस, मेचं ऊन, सायकल! माझा संताप संताप झाला. त्यांच्यावर, डॉक्टरांवर, त्या मातीवर आणि माझ्या चांगल्या डोळ्यांवरही. त्याच संध्याकाळी मी समोरच्या घरात गेलो. तिथे पेट्या बांधणं चाललं होतं. डॉक्टर एका ट्रंकेभोवती दोर आवळत होते. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "तुम्ही वरचे भाडेकरू ना? रोज पहाटे तुमची स्कूटर ऐकतो मी."

"तुम्ही एकदा त्यांना म्हणा ना, डॉक्टरसाहेब, की तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे."

"काहून म्हणू?" दोर आवळताना त्यांचा हात थांबला. "मी काय म्हटलं होतं त्याले? 'तू पाहिला का बे?' एवढंच. हो म्हणाला असता तर मी हो मानलं असतं. नाही म्हणाला असता तर नाही. तो काय म्हणाला? 'मी सांगून राहिलो ना!' आता तुम्हीच सांगा, यात उत्तर कुठं आहे?"

"पण तुम्हाला काय वाटतं? ते खोटं बोलले?"

डॉक्टरांनी दोराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "शाळेपासून ओळखतो मी त्याले. कधी खोटं बोलला नाही. पण त्याले तो कप फार पाहिजे होता, अन् माणूस एखाद्या वेळी घसरतो. घसरला की नाही, हेच मले माहीत नाही. इंदूरले जाऊनही मी हेच घेऊन बसीन, पाहा." मला ट्रंकेची दुसरी गाठ धरायला सांगून त्यांनी तोंड फिरवलं.

दोघं म्हातारे मिळून मला वेडा करणार, हे उघड होतं. तेव्हा मी ठरवलं की चेंडू सापडलाच पाहिजे. जमीन देत नसेल तर मी देईन.

काकाजींच्या चेंडूवरची खूण मला पाठ होती, कारण ती त्यांनी शंभर वेळा सांगितली होती. लाल शाईचे दोन ठिपके आणि मध्ये एक आडवी रेघ. क्लबाशेजारच्या नाल्यात सापडलेले चेंडू श्रावणाजवळ डबाभर होते. त्यातला सगळ्यांत जुनाट, चिरा पडलेला मी मागून घेतला. कशाला हवा म्हणून त्यानं विचारलं नाही. बँकेतली लाल शाई आणली, ठिपके काढले, रेघ काढली. मग तो चेंडू चार दिवस चहाच्या पाण्यात आणि चार दिवस काळ्या चिखलात बुडवून ठेवला. आयुष्यात इतकं मन लावून मी बँकेचं कामही केलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी एकटा जाऊन तो मी एका रुंद भेगेत हातभर खाली ढकलला आणि वर माती लोटली. डॉक्टर बुधवारी जाणार होते. त्यांना निरोप दिला की रविवारी सकाळी सहाला क्लबात या, अगदी शेवटचं म्हणून या.

ते आले. काठी टेकत बाभळीखाली उभे राहिले. काकाजींनी त्यांना पाहिलं, मान वळवली आणि मला म्हणाले, "त्यांना सांगा, तिकडे मुंगळे आहेत."

मी चार पावलांवर उभ्या असलेल्या डॉक्टरांना सांगितलं, "तिकडे मुंगळे आहेत."

"त्यांना सांगा, मले दिसून राहिले," डॉक्टर म्हणाले.

असे दोन-तीन निरोप पोचवून झाल्यावर मी काकाजींना हळूहळू त्या भेगेकडे वळवलं. टॉर्च मारला. "काकाजी, इथे काहीतरी पांढरं दिसतंय." माझा आवाज कापला, तो त्यांना आनंदाचा वाटला असावा. ते गुडघ्यांवर बसले, दंडापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढला. हातात चेंडू होता. त्यांनी तो शर्टाला पुसला. दोन ठिपके दिसले, रेघ दिसली. डॉक्टर पुढे आले. काठीचा आधार सोडून त्यांनी मान पुढे काढली आणि पाहिलं. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अरे!"

मी मनात म्हटलं, सुटलो बुवा.

काकाजींनी चेंडू दोन बोटांत धरला. फिरवला. तळहातावर घेतला, पुन्हा दोन बोटांत धरला. मग सतरा वर्षांनी पहिल्यांदा ते थेट डॉक्टरांशी बोलले.

"हा माहा नाही."

"खूण तर तुहीच आहे," डॉक्टर म्हणाले.

"खूण माही आहे, चेंडू माहा नाही. आपण तेव्हा विलायती मापाच्या चेंडूनं खेळायचो. तो लहान असे. हा मोठ्या मापाचा, अमेरिकन. आपल्याकडे हा पुढं आला. धरून पाहा."

डॉक्टरांनी धरून पाहिला. दोन बोटांत दाबला, आणि मान हलवली. मला तर आजही ते दोन चेंडू शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही. काकाजी माझ्याकडे वळले. ओरडतील, खोली खाली करा म्हणतील, असं वाटलं. ते म्हणाले, "शाई बँकेची दिसते." माझे कान गरम झाले. इतकी लाज मला शाळेत कॉपी करताना सापडलो तेव्हाही वाटली नव्हती.

डॉक्टर चेंडूकडे पाहतच होते. "मले ओळखू आलं नसतं, गा," ते म्हणाले. "तू चूप बसला असता तर मी मानलं असतं."

"मले माहीत आहे."

"मग काहून बोलला?"

"माहा नाही तो," काकाजी म्हणाले. त्यांना त्या प्रश्नाचा रागच आला होता.

डॉक्टरांनी काठी बाभळीला टेकवली. अगदी हळू आवाजात, जवळ येऊन त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, "तू पाहिला होता का बे, त्या दिवशी?"

आता हा म्हातारा पुन्हा 'मी सांगून राहिलो ना' म्हणतो की काय! काकाजींनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यातला घाम पुसला. "नाही," ते म्हणाले. "पाहिला नव्हता. पण भेगेतच गेला, एवढं मले माहीत होतं."

"गेला असेल," डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांनी ते दुरुस्त केलं. "गेला. गेलाच भेगेत. मी मानलं." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. काकाजींनी त्यांचा खांदा धरला. दोघं तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता घरी जाऊ, काकू चहा टाकतील, संपलं एकदाचं.

संपतंय कसलं! डॉक्टर म्हणाले, "घे, ठेव हाच चेंडू इथं, अन् मार पुढं. दंड नाही."

"दंड काहून नाही?" काकाजी म्हणाले. "कुणी पाहिला नाही म्हणजे हरवला. हरवला म्हणजे दंड धरून सुरुवातीपासून."

"मी म्हणून राहिलो ना, भेगेत गेला!"

"तू पाहिला का?"

यावर दोघांचं असं कडाक्याचं भांडण जुंपलं की दूर श्रावण गोणपाट टाकून बघायला आला. एक म्हणे दंड नाही, दुसरा म्हणे आहे. सतरा वर्षांपूर्वी हेच भांडण याच बाजूंनी झालं असतं तर माझा शर्ट वाचला असता. शेवटी अर्थातच काकाजी जिंकले. मी पिशवी उचलली आणि आम्ही चौघं, दोन म्हातारे, एक माळी आणि मी, आठ वाजताच्या मेच्या उन्हात तो सगळा पट्टा तुडवत परत मागे, जिथून पहिला फटका मारतात तिथपर्यंत चालत गेलो. वाटेत डॉक्टर दोनदा थांबले. काकाजीही थांबले, पण आपण त्यांच्यासाठी थांबलो असं दाखवून.

श्रावणानं चिमूटभर ओली माती घेऊन तिची ढेकळी केली आणि तिच्यावर माझा तो खोटा चेंडू ठेवला. त्याचा डबा दूर राहिला होता; जवळ दुसरा चेंडू कुणाकडे होता? काकाजी उभे राहिले. पाय रोवले, गंजलेली काठी मागे नेली. जानेवारीपासून गच्चीवर केलेला सगळा सराव त्यांनी त्या फटक्यात ओतला. काठी सूं करून चेंडूच्या वरून गेली, काकाजी स्वतःभोवती अर्धे फिरले आणि टोपी खाली पडली. चेंडू ढेकळीवर जसाच्या तसा.

मग डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "हवा आली होती, गा. हा मोजत नाही."

"मोज!" काकाजी ओरडले.

डॉक्टरांनी बोटांवर मोजलं. तेव्हाचा एक, दंडाचा एक, आत्ताचा एक. "तीन झाले," ते म्हणाले.

"तीन," काकाजी म्हणाले, आणि टोपी तशीच मातीत राहू देऊन चौथ्या फटक्याला उभे राहिले.